दान आणि न्याय : चवदार तळ्यापासून तळीयेपर्यंत

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव आज आपण साजरा करीत आहों. देवळास रंग दिला गेला, पवित्र मिस्साबलि अर्पण झाला, आणि ज्या वडील मंडळींनीं हें मंदिर उभारण्यास हात लाविला त्यांचें कृतज्ञतेनें स्मरण झालें. हें सर्व योग्यच झालें. परंतु जुबिली हा शब्द आपण ज्या ग्रंथांतून घेतला त्या ग्रंथांत त्याचा अर्थ काय आहे, इकडे थोडा वेळ आपलें लक्ष वेधण्याची आम्ही अनुज्ञा मागतों. आमचा आजचा विषय त्या शब्दांतूनच निघतो.

लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत इस्राएल लोकांस अशी आज्ञा झाली आहे कीं, सात वर्षांचे सात फेरे मोजावे आणि त्यानंतरचें पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. त्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें. ज्यानें गरिबीमुळें आपली जमीन विकली असेल ती त्यास परत मिळावी, आणि ज्यानें कर्जापायीं स्वतःस दुसऱ्याच्या हवालीं केलें असेल तो मोकळा होऊन आपल्या कुटुंबांत परत जावा. लक्षांत घ्या, येथें धनवानांस दानधर्माचा उपदेश केलेला नाहीं. दानधर्माची आज्ञा त्याच पुस्तकांत अन्यत्र आहे : शेताचे कोपरे कापूं नयेत, गळलेलीं कणसें वेंचूं नयेत, तीं गरिबांकरितां व परदेशीयांकरितां राहूं द्यावीं, असें तेथें सांगितलें आहे. जुबिलीची आज्ञा त्याहून निराळी आहे. ती कायदा आहे. गरिबास जमीन परत मिळणें हें कोणाच्या मर्जीवर ठेविलेलें नाहीं. तें कालगणनेंतच लिहून ठेविलें आहे. एका पिढीचें दारिद्र्य पुढच्या सर्व पिढ्यांच्या कपाळीं कायमचें कोरलें जाऊं नये, हें त्या कायद्याचें हृद्गत होय.

हा कायदा प्रत्यक्षांत कितपत पाळला गेला याविषयीं विद्वान् लोक शंका घेतात. ती शंकाही आपणांस उपयोगी आहे. कारण चांगला कायदा लिहिणें हें एक काम, आणि तो गांवाच्या वाटेवर, पाणवठ्यावर व शेतांत उतरविणें हें दुसरें काम. पहिल्या कामास आपण राज्याचें धोरण म्हणतों आणि दुसऱ्यास चळवळ म्हणतों. या दोहोंपैकीं एकच असलें म्हणजे काय होतें, आणि दोन्ही एकत्र आलीं म्हणजे काय होतें, याचें उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. सावित्री नदीच्या खोऱ्यांतच, महाड येथें, तें घडलेलें आहे.

इ. स. १९२३ च्या ऑगस्ट महिन्याच्या ४ तारखेस मुंबईच्या कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांनीं एक ठराव मांडला आणि तो संमत झाला. सरकारी पैशानें बांधलेले किंवा सरकारनें नेमलेल्या संस्थांच्या ताब्यांत असलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तशाच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालयें आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस मोकळे असावे, असा त्या ठरावाचा आशय होता. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत सरकारनें आपल्या खात्यांस तसे हुकूम पाठविले. पुढें १९२४ च्या जानेवारींत महाडच्या नगरपालिकेनेंही आपल्या ताब्यांतील चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. १९२६ सालीं बोले यांनीं दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डें या धोरणाची अंमलबजावणी करणार नाहींत त्यांस मिळणारी सरकारी मदत बंद करावी.

धोरण म्हणून यांत कांहीं उणें नव्हतें. तरीही तीन वर्षें लोटलीं. तळें जागच्या जागीं होतें, ठराव दप्तरांत होता, आणि बहिष्कृत माणसाच्या ओंजळींत त्या तळ्याचें पाणी पडलें नव्हतें. मुसलमान व इतरधर्मीय यांस तेथें मज्जाव नव्हता, गुराढोरांसही नव्हता. मज्जाव होता तो याच मातींत जन्मलेल्या, हीच भाषा बोलणाऱ्या आणि हेंच शेत कसणाऱ्या माणसास.

तेव्हां १९२७ च्या मार्च महिन्याच्या १९ व २० तारखांस महाड येथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे होते. परिषदेची जुळवाजुळव करण्यांत रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाचे परिश्रम मोठे होते. हजारों माणसें दूरदूरच्या गांवांहून पायीं आलीं. परिषदेस आलेल्या या पाहुण्यांसाठीं चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें, असें चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. ज्या गांवांत तळें भरलेलें आहे आणि तें तुम्हांस खुलें असल्याचा ठरावही झालेला आहे, त्या गांवांत पाणी विकत घ्यावें लागावें, याहून कागदावरील न्याय आणि प्रत्यक्षांतील न्याय यांमधील अंतर दाखविणारी दुसरी गोष्ट कोणती असूं शकेल?

२० मार्च रोजीं ते सर्व लोक शांतपणें, रांगेनें चवदार तळ्याकडे गेले. डॉ. आंबेडकरांनीं प्रथम पाणी प्राशन केलें आणि मागाहून इतरांनीं केलें. त्यांनीं कोणाचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं. जो हक्क कायद्यानें त्यांचा होता तो त्यांनीं फक्त वापरला. इतक्यावरून गांवांत अफवा उठविली गेली कीं, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार. मग परतीच्या वाटेवरील व मंडपांत जेवावयास बसलेल्या लोकांवर काठ्यांचा हल्ला झाला. पुष्कळ जखमी झाले. कित्येकांस मुसलमानांच्या घरांत आश्रय मिळाला. बहिष्कृतांची संख्या मोठी होती आणि प्रतिकार करण्यास तीं माणसें समर्थ होतीं. त्यांत कित्येक सैन्यांत नोकरी केलेले होते. परंतु त्यांच्या पुढाऱ्यानें त्यांस आवरलें, आणि तीं आवरलीं. हल्लेखोरांपैकीं कांहींस पुढें न्यायालयानें शिक्षा दिली.

बंधूंनो, योहानाच्या शुभवर्तमानांत शोमरोनी स्त्रीची कथा आहे, ती आपणां सर्वांस पाठ आहे. याकोबाच्या विहिरीवर दुपारच्या वेळीं प्रभु थकून बसला आणि त्या स्त्रीजवळ त्यानें पाणी मागितलें. तिला आश्चर्य वाटलें, कारण यहुदी लोक शोमरोन्यांशीं व्यवहार ठेवीत नसत. प्रभूनें तिला पाणी पाजलें असें प्रथम घडलें नाहीं. प्रथम त्यानें तिच्या हातचें पाणी मागितलें. दया करणारा वर उभा असतो आणि घेणारा खालीं. पाणी मागणारा मात्र समोरच्यास आपल्या बरोबरीस आणून बसवितो. महाडचा प्रश्न पाण्याचा असता तर पाण्याचे हंडे वाटून तो सुटला असता. तो प्रश्न बरोबरीचा होता, आणि बरोबरी ही दानांत देतां येत नाहीं.

पुढें काय झालें तेंही पाहिलें पाहिजे, कारण चळवळीची खरी कसोटी पहिल्या दिवशीं लागत नाहीं. तळें बाटलें असें म्हणून त्यांत १०८ घागरी पंचगव्य वगैरे ओतून त्याची शुद्धि करण्यांत आली. ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला पूर्वीचा ठराव मागें घेतला. डिसेंबरांत पुन्हा सत्याग्रह करण्याचें ठरलें, तेव्हां तळें खासगी असल्याचा दावा कांहीं लोकांनीं दिवाणी न्यायालयांत लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीनें दासगांवच्या बंदरांत उतरले आणि तेथून महाडास आले. परिषदेच्या मंडपाकरितां फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें आपली जागा दिली. २५ डिसेंबरच्या रात्रीं विषमतेस आधार देणाऱ्या मनुस्मृतीचें दहन झालें. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते. परंतु तळ्याचें पाणी घेण्याचा सत्याग्रह मात्र न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत तहकूब करण्यांत आला. जमलेल्या हजारों लोकांस तें रुचलें नव्हतें, तरीही त्यांनीं तें मानलें, आणि तळ्याभोंवतीं शांतपणें मिरवणूक काढून तीं परतलीं.

दावा वर्षानुवर्षें चालला. अखेरीस १९३७ च्या मार्च महिन्याच्या १७ तारखेस मुंबईच्या हायकोर्टानें निकाल दिला कीं, अस्पृश्यांस वगळण्याची अनादि कालापासून चालत आलेली वहिवाट वादींना सिद्ध करतां आली नाहीं. ज्या दिवशीं पहिली ओंजळ भरली होती त्यास तेव्हां दहा वर्षें पुरीं होण्यास तीन दिवस उणे होते. आणि १९५० च्या २६ जानेवारीस अंमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेंत, सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट करण्यांत आली. आणि पंधराव्या कलमांत, राज्याच्या पैशानें राखलेल्या विहिरी, तळीं, स्नानाचे घाट व रस्ते यांविषयीं कोणाही नागरिकास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून मज्जाव करतां येणार नाहीं, असें लिहिलें गेलें. ज्याच्याकडे त्या घटनेच्या मसुदासमितीचें अध्यक्षपद होतें तो पुरुष महाडच्या तळ्यावर उभा राहिलेला होता. देशाच्या घटनेंत तळें हा शब्द येतो, यांत महाडचा मोठा वांटा आहे असें आम्ही मानतों.

या इतिहासांत एक गोष्ट आपणांस विशेष बोध देणारी आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला तेच केवळ त्यांत होते असें नाहीं. कौन्सिलांत ठराव आणणारे बोले हे भंडारी समाजांतील. महाडच्या नगरपालिकेंत या कामाचा पुरस्कार करणारे सुरेंद्रनाथ टिपणीस आणि परिषदेसाठीं झटणारे अनंतराव चित्रे हे कायस्थ प्रभु. त्यांस स्वतःला तळ्यावर कोणी अडविलें नव्हतें. शेजाऱ्यास अडविलें जातें, इतकें कारण त्यांस पुरेसें वाटलें. पूर्वींही याच भागांत, रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८८८ सालीं 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून शास्त्राधार मागितला होता. त्यांच्या एकाकी प्रश्नास चार दशकांनीं हजारोंचें उत्तर मिळालें. आणि याच कुलाबा जिल्ह्यांत, अलिबागजवळ चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं १९३३ पासून कित्येक वर्षें खोतांचीं शेतें न कसण्याचा संप केला. १९३७ सालीं खोती नष्ट करण्याचें विधेयक डॉ. आंबेडकरांनीं मांडलें, आणि शेवटीं १९४९ सालीं खोती रद्द करण्याचा कायदा झाला. प्रत्येक ठिकाणीं क्रम तोच दिसतो : कोणी प्रश्न विचारला, कोणी सोसलें, कोणी कायदा लिहिला, आणि कोणी तो पुन्हा पुन्हा राज्यकर्त्यांच्या दारीं नेऊन वाचून दाखविला.

आतां आपण त्याच महाड तालुक्यांतील दुसऱ्या एका गांवाकडे वळूं. २०२१ च्या जुलै महिन्याच्या २२ तारखेस तळीये गांवच्या कोंढाळकर वाडीवर डोंगराची दरड कोसळली. सुमारें तीस घरें मातीखालीं गेलीं आणि ऐंशींहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. कित्येकांचे देह सांपडलेच नाहींत. शोध कांहीं दिवसांनीं थांबवावा लागला. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांत केवनाळें व साखर सुतारवाडी येथेंही दरडींनीं बळी घेतले, आणि महाड शहर सावित्री व गांधारी यांच्या पुरानें बुडालें. ज्या महाबळेश्वरावर सावित्री उगम पावते तेथें चोवीस तासांत सुमारें ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. रस्ते पाण्याखालीं गेल्यामुळें बचावपथकें तळीयेस दुसऱ्या दिवशीं पोहोंचलीं.

अशा वेळीं कोणी म्हणतो, हा देवाचा कोप. ख्रिस्ती मनुष्यास असें म्हणण्याची मोकळीक नाहीं. शिलोहांतील बुरूज कोसळून अठरा माणसें ठार झालीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं काय, असा प्रश्न प्रभूनें स्वतःच विचारला आणि स्वतःच नाहीं म्हणून सांगितलें. त्यानें ऐकणाऱ्यांस मेलेल्यांचा न्याय करूं दिला नाहीं. त्यांस आपल्याच वर्तनाकडे पाहावयास लाविलें. तळीये संबंधानेंही तोच मार्ग योग्य. डोंगर कां कोसळला हें निसर्ग सांगेल. माणसें त्याखालीं कां होतीं, हें आपण सांगितलें पाहिजे.

सह्याद्रीचा खडक काळा व कठीण आहे, परंतु त्याच्या उतारांवर झिजून झालेल्या मातीची जाड गादी असते. अतिवृष्टींत पाणी मातींतून मुरतें आणि खडकापाशीं अडतें. माती जड होते, तिची पकड सुटते, आणि उतार उभा असला म्हणजे ती सारी गादी एकदम घसरते. पुष्कळदां आधीं खुणा दिसतात : जमिनीस भेगा पडतात, झाडें कलतात, झऱ्याचें पाणी गढूळ होतें, घरांच्या भिंती तडकतात. हें ज्ञान नवें नाहीं. २००५ च्या जुलै महिन्यांत याच महाड तालुक्यांत दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते येथें दरडी कोसळून शंभराहून पुष्कळ अधिक माणसें गेलीं होतीं. २०११ सालीं माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें पश्चिम घाटाविषयीं आपला अहवाल दिला आणि निर्णयांत ग्रामसभांस स्थान द्यावें असें सुचविलें. २०१४ सालीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवीं दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. तळीयेनंतर दोनच वर्षांनीं, २०२३ च्या जुलैंत, आपल्याच रायगड जिल्ह्यांत खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी रात्रीं झोंपेंत गाडली गेली. म्हणजे १९२४ चा ठराव जसा दप्तरांत होता, तसेंच हें ज्ञानही दप्तरांत होतें.

पाऊस नीतिमानांवर व अनीतिमानांवर सारखाच पडतो हें खरें. परंतु सर्वांच्या घरामागें सारखाच डोंगर उभा नसतो. कोंकणांत सपाट भातखाचरें थोडीं आणि मोलाचीं. वरकस जमीन उतारावर. घर बांधावयाचें तर खाचर वांचवून उतारावर बांधावें लागतें. ज्याच्यापाशीं पैसा आहे तो महाडांत, पनवेलांत, मुंबईंत खोली घेऊं शकतो. ज्याच्यापाशीं नाहीं त्याच्या घरचा कर्ता पुरुष मुंबईस चाकरी करतो, आणि म्हातारीं माणसें, बायका व मुलें डोंगराच्या पोटाशीं राहतात. दरड कोणाची जात विचारीत नाहीं, परंतु ती ज्या घरावर येते तें घर बहुधा गरिबाचेंच असतें. चवदार तळ्यावर विषमता उघड हातांत काठी घेऊन उभी होती. तळीयेंत ती कोणाच्या हातांत दिसत नाहीं, म्हणूनच तिच्याविषयीं कोणास राग येत नाहीं.

आणखी एक तुलना आपण मनांत ठेवावी. २०१६ च्या ऑगस्ट महिन्याच्या २ तारखेच्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील इंग्रजी अमदानींतला पूल पुरांत वाहून गेला आणि एस. टी. च्या दोन गाड्यांसह कित्येक माणसें नदींत गेलीं. त्या जागीं नवा पूल २०१७ च्या जूनमध्यें, म्हणजे सुमारें दहा महिन्यांत, वाहतुकीस खुला झाला. हें काम प्रशंसनीय होतें. परंतु तळीयेच्या दुर्घटनेस दोन वर्षें पूर्ण झालीं तेव्हांही अनेक कुटुंबें पत्र्याच्या कंटेनरांतच राहत होतीं. न्यायाची बुद्धि ठेवून बोलावयाचें तर दोन्ही कामें सारखीं नव्हेत. पुलास जागा ठरलेली होती. घरांस जागा शोधावी लागते, ती विकत घ्यावी लागते, पाणी व वाट आणावी लागते, आणि त्यांत राहणाऱ्यांची संमति घ्यावी लागते. तरीही प्रश्न उरतोच. महामार्ग अडला तर व्यापाऱ्याचा, उतारूचा, सरकारचा, सर्वांचाच खोळंबा होतो, म्हणून सर्वांचा आवाज एक होतो. वाडी अडली तर फक्त वाडीच अडते. राज्याची शक्ति कोठें आणि किती वेगानें वापरली जाते हें बहुधा आवाजावर ठरतें. ज्यास आवाज नाहीं त्याचा आवाज वाढविणें, यासच आम्ही नीतीला धरून केलेली चळवळ म्हणतों.

या विषयांत ख्रिस्तसभेची शिकवण संदिग्ध नाहीं. पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकांत सांगितलें कीं, धनवानांस स्वतःचें रक्षण करण्याचीं साधनें असतात, गरिबांस मात्र राज्याचाच आधार असतो; म्हणून राज्यानें त्यांची विशेष काळजी वाहिली पाहिजे. पोप अकरावे पायस यांनीं १९३१ सालीं हें स्पष्ट केलें कीं, जें न्यायानें देणें आहे तें न देतां त्याच्या जागीं दान पुढें करतां येत नाहीं. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं 'लाउदातो सी' या परिपत्रकांत पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावयास सांगितलें. तळीयेचा डोंगर पाहिलेल्या मनुष्यास त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं.

यावर कोणी म्हणतील, पाद्र्यांनीं राजकारणांत कां पडावें? आमचें उत्तर असें कीं, कोणत्या पक्षास मत द्यावें हें सांगणें आमचें काम नव्हे, आणि तें आम्ही करणारही नाहीं. परंतु पाणी, जमीन, मजुरी आणि सुरक्षित घर हीं पक्षांची मालमत्ता नव्हे. दुसरे कोणी म्हणतील, चळवळीनें भांडणें वाढतात. महाडचें उदाहरण त्यांच्यापुढें ठेवावें. तेथें काठ्या हक्क मागणाऱ्यांच्या हातांत नव्हत्या. आणि तिसरे कोणी म्हणतील, आम्ही पूरग्रस्तांस धान्य दिलें, चादरी दिल्या, आणखी काय करावें? धान्य व चादरी अवश्य द्याव्या. उपाशी मनुष्यास अहवाल वाचून दाखवूं नये. पण दरवर्षीं त्याच खोऱ्यांत त्याच चादरी वांटाव्या लागत असतील, तर आपण दानाचे हिशेब लिहावे आणि न्यायाचे लिहूं नयेत, हें ठीक नाहीं.

दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यापूर्वीं घराकडेही पाहिलें पाहिजे. भारतांतील कॅथॉलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेनें २०१६ च्या डिसेंबरांत दलित बांधवांच्या सक्षमीकरणाविषयीं आपलें धोरण प्रसिद्ध केलें आणि ख्रिस्तसभेंतही जातिभेद शिरला आहे हें मान्य करून तो दूर करण्याचा निर्धार सांगितला. तेव्हां बाप्तिस्म्याच्या एका पाण्यानें ज्यांस प्रभूनें एक केलें त्यांत आपण लग्नाच्या पंक्तींत, दफनभूमींत किंवा समितीच्या निवडींत भेद करीत असूं, तर चवदार तळ्याची गोष्ट सांगण्याचा आपणांस अधिकार उरत नाहीं. घरकाम करणाऱ्या बाईस निराळा पेला ठेवणारें घर कितीही जपमाळा म्हणत असलें तरी तें १९२७ च्या पूर्वींचेंच घर आहे.

या महोत्सवाच्या निमित्तानें आम्ही आपणांपुढें कांहीं साधीं कामें ठेवितों. पहिलें, पाहणें. पावसाळ्यापूर्वीं आपल्या आसपासच्या उतारावरील वाड्या पायीं फिरून पाहाव्या. भेगा, कललेलीं झाडें, गढूळ झालेले झरे यांची नोंद करून ती ग्रामपंचायतीस व तहसीलदारांस लेखी द्यावी, आणि दिल्याची पोंच घ्यावी. दुसरें, ग्रामसभेस जाणें. कायद्यानें ग्रामसभा वर्षांतून अनेकदां भरते; तेथें चार माणसें बसून दोनशें माणसांच्या नांवें ठराव करतात, कारण उरलेले घरीं असतात. त्यांत आपण नसावें. तिसरें, विचारणें. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें कोणाही नागरिकास साध्या अर्जानें सरकारी कागद मागतां येतो. आपल्या गांवाचें नांव धोक्याच्या यादींत आहे काय, असल्यास पुढें काय ठरलें, हें विचारण्यास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. अर्ज लिहितां न येणाऱ्यास तो लिहून देणें हें आपल्या तरुणांस सहज साधेल.

चौथें काम ऐकण्याचें. डोंगराखालच्या मनुष्यास हलवावयाचें तर त्याचें शेत, त्याचीं गुरें, त्याचें देवस्थान आणि त्याचा शेजार यांचा विचार त्याच्याबरोबर बसून केला पाहिजे. शेतापासून दूर बांधून दिलेलें घर कितीही नीटनेटकें असलें तरी तो पावसाळा संपतांच जुन्या वाडींत परत जाईल, आणि मग आपणच त्यास अडाणी म्हणूं. ज्याच्याकरितां धोरण करावयाचें त्यास न विचारतां केलेलें धोरण हें दयेचें असलें तरी न्यायाचें नव्हे. पांचवें, एकत्र उभे राहणें. आपण या भागांत मूठभर आहों. परंतु महाडांत चित्रे होते, टिपणीस होते, फत्तेखान होते. कोणीही आपल्या जातीकरितां किंवा धर्माकरितां आलेला नव्हता. चांगल्या कामांत कोण पुढें आहे हें न पाहतां आपण त्याच्या मागें उभें राहावें. सहावें आणि सर्वांत कठीण काम टिकण्याचें. हायकोर्टाचा निकाल दहा वर्षांनीं लागला. आपला अर्ज पहिल्या महिन्यांत मंजूर झाला नाहीं म्हणून कंटाळणें हा गरिबाच्या प्रश्नावर आपण आपल्या हातांनीं घातलेला मनाईहुकूम होय.

पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं हें देऊळ बांधलें त्यांनीं पाया घेण्यापूर्वीं जमीन पक्की आहे कीं नाहीं हें पाहिलें असेल. देवाच्या घराकरितां जी काळजी घेतली गेली तीच देवाच्या लेकरांच्या घरांकरितां घेतली जावी, इतकेंच आमचें मागणें आहे. येत्या पावसाळ्यांत सह्याद्रीवर ढग भरून येतील, तेव्हां कोणत्या तरी वाडींत एक म्हातारी आपल्या भिंतीच्या तड्याकडे पाहत बसलेली असेल. तिचा अर्ज कोणी लिहिला, तो कोणी पोंचविला आणि त्याचा पाठपुरावा कोणी केला, या प्रश्नाचें उत्तर देतांना आपल्या धर्मग्रामाचें नांव घेतलें जावें, अशी आमची प्रार्थना आहे.

ज्यानें विहिरीवर पाणी मागितलें आणि मेलेल्यांस दोष देऊं दिला नाहीं, तो प्रभु आपणां सर्वांस न्यायाची भूक, तो मिळविण्याचें धैर्य आणि तोंवर वाट पाहण्याची शांति देवो. आमेन.